सावलीत बसणाऱ्याचा उपास

सोमवार, उपासकाळाचा तिसरा आठवडा
मार्च १९४७

प्रिय अब्राहाम,

पत्राची सुरुवात अशीच करायची असं आपल्याला एकाच तरटावर बसवून शिकवलं होतं, म्हणून 'प्रिय' लिहिलं. त्या शब्दाचा आणखी अर्थ लावत बसू नकोस. यंदाच्या पवित्र शुक्रवारी तू आमच्या वाडीत येऊ नयेस, हे एक सांगायचं आहे. दुसरं त्याहून निकडीचं आहे, ते आमच्या वाडीतल्या रतनबाईच्या लेकीबद्दल, दीनाबद्दल. दीना तुमच्या गावात दिलेली, पोटुशी आहे, दिवस भरत आले आहेत, आणि या दिवसांत ती उपास करते आहे. तिच्या गोष्टीकडे मी पुढं येणारच आहे. पण तिच्या उपासाचं मूळ मागच्या गोष्टींत आहे, म्हणून आधी त्या लिहितो. तुला त्या ठाऊक आहेत हे मला माहीत आहे. तरी वाच. इतकी वर्षं तू बोलत आलास आणि लोक ऐकत आले, आज थोडं तू ऐकून घे.

गेली तीन वर्षं तू पवित्र शुक्रवारी भर दुपारी तुमच्या गावाहून आमच्या वाडीपर्यंत पाटाच्या कडेनं अनवाणी चालत येतोस. मिशनच्या शाळेचा मास्तर, फादर नसले की देवळात प्रार्थना चालवणारा, दोन गावं ज्याला वाकून सलाम करतात असा माणूस तापलेल्या फुफाट्यातून पाय भाजत येतो म्हटल्यावर लोक मागं लागणारच. क्रूसाच्या वाटेची प्रार्थना संपवून आमची माणसं देवळाच्या अंगणात येतात, नेमका त्याच वेळी तू पोचतोस. माझ्या पायांना हात लावतोस आणि म्हणतोस, "कृपादान, माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ कर." बायका डोळ्यांना पदर लावतात. म्हातारा भिमाजी मला कोपरानं ढोसतो, "आरं, मास्तरासारका मास्तर पायाशी आलाय, बोल की गड्या." मग मी बोलतो. माफ केलं म्हणतो. एवढ्या माणसांत, त्या दिवशी, दुसरं काय म्हणणार? पण 'असेल तर' एवढं तू दरवर्षी न विसरता बरोबर आणतोस, आणि मी ते दरवर्षी ऐकतो. त्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर माझी बहीण, तुझी लग्नाची बायको, माझ्या घरात चुलीपाशी बसलेली असते. लिडियाकडे तू कधी आला नाहीस. आत आहे का, एवढंही विचारलं नाहीस. लोक तुला गूळपाणी देतात, पाय धुवायला पाणी देतात, आणि तू संध्याकाळी कुणाच्या तरी बैलगाडीतून परत जातोस. मग वर्षभर आमच्या वाडीत तुझ्या नम्रतेचं कौतुक चालतं, ते ऐकत माझी बहीण भाकरी थापते.

तुमच्या गावात त्याग बोलून दाखवायची रीत तूच घातलीस. चाळीस दिवसांचा उपासकाळ ज्या दिवशी लागतो त्या राखेच्या बुधवारानंतरच्या रविवारी घराघरातल्या माणसानं देवळात उठायचं आणि यंदा काय सोडलं ते सगळ्यांपुढं सांगायचं. एकदा लिडियाला भेटायला आलो होतो तेव्हा मी तो प्रकार पाहिला. लढाईचे दिवस होते. साखर कारखान्याचा धूर डोळ्यांपुढं आणि साखर रेशनवर, त्यामुळे चहा सोडणारे पुष्कळ निघाले. एकानं उठून मटण सोडलं म्हणून सांगितलं, तर बायकांच्या बाजूनं त्याचीच बायको म्हणाली, "नाताळापास्नं डोळ्यानं तरी बगितलंय का?" रंगनाथनं विडी सोडली आणि तपकीर धरली. तू त्याला हटकलंस तेव्हा म्हणाला, "मास्तर, विडी सोडली म्हनलो हुतो, नाक न्हाई सोडलं." लंकाबाईनं सुनेशी भांडण सोडलं होतं. सोडलं म्हणजे शेजारणीच्या ओट्यावर बसून, सुनेला नीट ऐकू जाईल अशा बेतानं, शेजारणीला सांगायची, "मी काय बोलत न्हाई बाई, माजा उपास हाय. पर तूच सांग, असली भाकर कुनी थापतं व्हय?" मला हसू आलं. त्या माणसांचे उपास लहान होते, पण ज्याचे त्याचे होते, आणि देवालाही थोडं हसू आलं असेल असं मला वाटलं. तू मात्र हसला नाहीस. तू प्रत्येकाचा त्याग तोलत होतास. कुणाचा जड, कुणाचा हलका, हे तू त्या दिवशी देवळात उभं राहून सांगितलंस, आणि हलका त्याग करणारे मान खाली घालून बसले. येताना मी वाटेत विचार करत आलो, की हा आपल्या शाळेतला अब्राहाम, आणि याच्या हातात हा काटा कुणी दिला?

आमचे वडील तुला आठवतात. ते काय सोडत ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आपल्याकडे बापे आधी जेवतात, मग पोरं, आणि बायका शेवटी, टोपल्यात उरेल त्यावर. तुझ्या घरी तेच, माझ्या घरी तेच, पाटलाच्या घरीही तेच. उपासकाळ लागला की आमचे वडील भिंतीला टेकून बसायचे आणि आईला म्हणायचे, "तुमी जेवा, मला आत्ता भूक न्हाई." आई अवघडून जायची. बापाच्या आधी घास घ्यायचा म्हणजे काय! "लोक काय म्हनतील," म्हणायची. ते म्हणायचे, "लोकास्नी कशाला सांगतीस?" आई जेवली, पोरं जेवली, की मग ते टोपल्यातलं उरलेलं घ्यायचे. कधी अर्धी भाकरी, कधी नुसते तुकडे आणि चटणी. मी लहान होतो, मला वाटायचं यांचं पोट दुखतं. त्यांचं पोट का दुखत होतं हे मला त्यांच्यामागं, स्वतः घरचा कर्ता झाल्यावर समजलं. हे अशासाठी लिहितो, की एकवेळ जेवायचा नियम तू घरात आणलास तेव्हा तुला एक गोष्ट सुचायला हवी होती. तुझं एकवेळ म्हणजे भरलेलं ताट. तिचं एकवेळ म्हणजे त्या एका जेवणातलं उरलेलं. एरवी दोनदा उरायचं, ते आता एकदाच उरणार. नियम दोघांना एकच होता, म्हणून तुला न्याय केल्यासारखं वाटलं असेल.

चार वर्षांपूर्वीचा तो उपासकाळ. दाणे महाग, ज्वारी मिळेना. लग्नाला इतकी वर्षं होऊन लिडियाला पहिल्यांदाच दिवस गेले होते, सातवा लागला होता. तू म्हणालास, मास्तराच्या घराचा उपास बघून गाव शिकतं, तेव्हा आपल्या घरात फट राहता कामा नये. ती कबूल झाली. तुझं म्हणणं म्हणजे देवाचंच, असं ती धरून चालायची, कारण तिला दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. एका शुक्रवारी विहिरीवर तिला भोवळ आली आणि ती धक्क्यावर बसली. शेजारच्या मळ्यातली राहीबाई, मच्छिंद्र पाटलाची बायको, तिकडून चालली होती. तिच्या घरी त्या दिवशी कोंबडं कापलेलं. ती घरी गेली आणि भाकरी आणि रस्सा घेऊन आली. शिवाशीव पाळणारी बाई, रस्सा वरूनच लिडियाच्या वाडग्यात ओतला, भाकरी वरूनच टाकली. पण लिडियाचं खाऊन होईपर्यंत ती उन्हात समोर बसून राहिली. "खा माजे बाई," म्हणाली, "पोटातल्याला कसला आलाय वार न् कसला धरम." शुक्रवारी मांस खायचं नाही हा आपला नियम तिला काय ठाऊक? लिडियाला ठाऊक होता. तरी ती जेवली. भूक लागली होती.

मूल दिवस भरायच्या आधीच आलं. मुलगी होती. तू तिच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा दिलास, दया नाव ठेवलंस, आणि दिवे लागायच्या आत ती गेली. त्यानंतर लिडियानं तुला शुक्रवारचं सांगितलं. तू विचारलं नव्हतंस, तिनंच सांगितलं. दुःख झालं की माणूस आपल्या माणसाला सगळं सांगून टाकतं, तसं सांगितलं. आणि ईस्टरच्या सकाळी, फादर मिस्साला दुसऱ्या गावी गेलेले असताना, तू देवळात उभा राहिलास आणि म्हणालास, "माझ्याच घरात शुक्रवार मोडला गेला आणि देवानं त्याचं उत्तर दिलं. मी माझ्या बायकोलाही पाठीशी घालणार नाही." लोक म्हणाले, काय सच्चा माणूस. लिडिया बाळंतिणीच्या खाटेवर होती. तिला हे लंकाबाईनं येऊन सांगितलं, आणि सांगताना म्हणे पाठीवरून हात फिरवत होती. दुसऱ्या दिवशी लिडिया उठली आणि पाटाच्या कडेनं चालत आमच्याकडे आली. अंगातलं दूध अजून आटलं नव्हतं. चोळी भिजलेली होती. माझ्या बायकोनं दार उघडलं आणि तिला आत घेतलं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आज वाच.

तेव्हापासून माझ्या बहिणीनं बारा महिने उपासकाळ पाळला. मांस तोंडात घातलं नाही, शुक्रवारी पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आणि तुझ्याविषयी एक वाकडा शब्द काढला नाही. मी काढायला लागलो की उठून परसात जायची. वाडीत कुणी बाळंत झाली की ही त्या वाटेनं जात नसे. माझी बायको एकदा म्हणाली, चल, बघून येऊ पोराला. तर म्हणाली, "नको वैनी, माजी सावली नको." वाडगाभर रश्श्यानं आपलं मूल मारलं, असं ती धरून बसली होती. मी तिला पुष्कळदा सांगितलं, देव असा नसतो. पण मी चौथी शिकलेला शेतकरी. तू मास्तर. माझ्या देवावर तिचा विश्वास बसेना, तुझ्या देवावर बसला होता.

आता यंदाचं ऐक. राखेच्या बुधवाराच्या आधीच्या रविवारी आमचे मास्तर तापानं पडले होते, म्हणून नवे फादर स्वतः घोड्यावरून आले आणि उपासाचे नियम त्यांनीच देवळात सांगितले. मराठी त्यांची अजून अडखळती आहे, प्रत्येक शब्द ते पायरी चढल्यासारखा घेतात, त्यामुळे, आमचे मास्तर दरवर्षी भराभर वाचून टाकतात ते कुणाच्या कानात शिरत नाही, पण यंदा सगळ्यांनी नीट कान देऊन ऐकलं. उपास कुणी करायचा, कसा करायचा, हे झालं. मग त्यांनी उपास कुणाला नाही ते सांगितलं. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी बाई, आजारी, म्हातारे, लहान मुलं, आणि शेतात किंवा कारखान्यात अंगमेहनत करणारे, यांना उपासाचं बंधन नाही. आणि अशक्त बाईनं जिवासाठी शुक्रवारी मिळेल ते खाल्लं तरी तिला पाप लागत नाही. बायकांच्या बाजूला हालचाल झाली. लिडिया उभी राहिली होती. आमच्या देवळात बाई उभी राहून प्रश्न विचारते असं कधी झालेलं नाही. ती म्हणाली, "फादर, ह्ये यंदापास्नं हाय का आदीपास्नंच?" फादर म्हणाले, "बाई, हे फार जुनं आहे. आम्ही सगळे जन्मलो नव्हतो तेव्हापासून आहे." ती बसली. रडली नाही.

मिस्सा संपल्यावर मी फादरच्या घोड्याचा लगाम धरून त्यांना विचारलं, की हे गावोगावच्या लोकांना माहीत आहे का? ते म्हणाले, "का नसेल? उपासकाळाच्या आधी सगळ्या मास्तरांना बोलावून दरवर्षी हे सांगतात, माझ्या आधीचे फादरही सांगत. मास्तर आपापल्या गावात सांगतात." त्यांना काय माहीत, मी का विचारतो ते. मी तिथंच उभा राहिलो आणि मला तुझा हिशेब समजला, अब्राहाम. पोटुश्या सोड, पाजणाऱ्या सोड, म्हातारे आणि पोरं सोड, ऊस तोडणारे, मोट हाकणारे, कारखान्यात जाणारे सोड. तुमच्या गावात उपास करायला उरतो कोण? सावलीत खुर्चीवर बसून काम करणारा एकटा तू. नियम सांगितला असतास तर त्या रविवारी देवळात त्याग तोलायला कुणी उभंच राहिलं नसतं. लोक सूट घेतील, धर्म सैल पडेल, असं तू मनाशी म्हणाला असशील. खरं कारण ते नव्हतं, असं मला वाटतं. एकट्यानं उपास करायचा, आणि तोही कुणी न बघता, हे तुला झेपलं नसतं.

लिडिया त्या दिवशी घरी आली, हात धुतले, भाकरी घेतली, कालवण घेतलं, आणि आम्हा सगळ्यांच्या आधी जेवली. मग साळूबाईच्या घरी गेली. साळूबाईच्या सुनेला तेव्हा पंधरवड्यापूर्वीच मुलगा झाला होता. तिनं त्याला मागून घेतलं आणि दिवस मावळेपर्यंत मांडीवर घेऊन बसली. साळूबाई मला म्हणाली, "पोरगं मुतलं तरी सोडंना." घरी आल्यावर लिडिया एवढंच बोलली, "दादा, त्यास्नी ठावं हुतं." मी म्हणालो, होय, ठाऊक होतं. मी त्याच दिवशी फादरच्या मागं निघणार होतो. तुझी मास्तरकी जावी, तुला देवळातून उठवावं, तुझं नाव तसंच सगळ्यांपुढं घेतलं जावं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं, ते लपवत नाही. तिनं मला अडवलं. मला वाटलं, नवरा म्हणून अडवते आहे. म्हणाली, "तुजं समाधान हुईल, दादा. माजं काय?" म्हणून मी थांबलो. इतके दिवस थांबलोच होतो.

काल रतनबाई लेकीला भेटून परत आली. दीना उसाच्या मोळ्या बांधायला जाते, तिचा नवरा योसेफ कारखान्यात. दीनाचे डोळे खोल गेले आहेत, पायांवर सूज आहे, आणि ती दिवे लागल्यावर एकदाच जेवते, तेही योसेफचं झाल्यावर. रतनबाईनं तिला आमच्या देवळात फादर काय म्हणाले ते सांगितलं. पोरगी ऐकेना. म्हणाली, "आये, मास्तरांनी भर देवळात माजं नाव घेतलं. म्हनले, बगा, उपास करावा तर ह्या पोरीवानी. आता मी कशी सोडू?" रतनबाई म्हणाली, फादरपेक्षा मास्तर मोठा झाला का? तर म्हणाली, "फादर तुमच्या गावाला आलते, आमच्यात मास्तर हायेत. ते म्हनतील तवा खाईन." योसेफ काय म्हणतो म्हणून विचारलं, तर तोही म्हणाला, मास्तर म्हणतील तसं. आणि मग दीना जे बोलली ते रतनबाई माझ्यापुढं सांगेना. माझ्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं. "लिडियामावशीचं काय झालं ठावं हाय न्हवं? तिनं खाल्लं, न् तिचं लेकरू गेलं. मास्तर दरसाली सांगतात." दरसाली, अब्राहाम. पवित्र शुक्रवारी इकडे माझे पाय धरायचे, आणि तिकडे त्याच उपासकाळात माझ्या बहिणीचं मेलेलं मूल लोकांना भीती घालायला देवळात उभं करायचं. तुझ्या मुलीचं तू हे केलंस. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, यापेक्षा सौम्य लिहिता येईना.

माझी बायको लिडियापासून हे लपवणार होती, पण आमच्या घराला एकच भिंत आहे. लिडियानं ऐकलं. मी म्हणालो, आता तरी मला फादरकडे जाऊ दे. ती म्हणाली, "फादर वैजापूरच्या अंगाला गेल्यात, यायला पंधरा दिस. दीनाला येवढे दिस कुटं हायेत?" मग मी म्हणालो, तूच जाऊन दीनाला सांग. बोललो, आणि मला माझंच बोलणं समजलं. तिच्या हातून दीना पाणीसुद्धा घेणार नाही. ज्या बाईचं नाव घेऊन तू तिला भ्यायला शिकवलंस, तीच दारात येऊन खा म्हणते आहे, असं बघून पोरगी आतून कडी लावील. म्हणून तू लागतोस. तुझ्याशिवाय चालत नाही, हे मला लिहावं लागतं आहे, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. टपाल उद्या निघेल, परवा पोचेल, तू ते वाचून उशाखाली ठेवशील आणि पवित्र शुक्रवारी अनवाणी निघशील. लिडिया स्वतः ते घेऊन येते आहे. ज्या वाटेनं चार वर्षांपूर्वी आली, त्याच वाटेनं. ती तुझ्या उंबऱ्याबाहेर उभी राहील, आत बोलावू नकोस, ती येणार नाही. वाटेत तिची माफी मागू नकोस. तिनं हे मला मुद्दाम लिहायला सांगितलं आहे, की आज तिला तुझ्याकडून स्वतःसाठी काही ऐकायचं नाही. शाळा सुटायची वाट बघू नकोस, पोरांना सोडून दे आणि तिच्याबरोबर दीनाच्या दारी जा. दीना मळ्यात असली तर मळ्यात जा. तिथं उभा राहून, शेजारपाजार बाहेर येईल इतक्या मोठ्यानं सांग, की पोटुशीला उपास नाही, हे मला दरवर्षी सांगितलं जात होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. लिडियानं खाल्लं त्यात पाप नव्हतं. दया तिच्या खाण्यानं गेली नाही. यात 'असेल तर' घालू नकोस. तू म्हणालास तर दीना खाईल, ती तसं बोलली आहे. लिडियानं भाकरी, अंडी आणि गुळाचा खडा बांधून घेतला आहे. दीना तुझ्यासमोर जेवायला बसू दे, आणि तिचं होईपर्यंत तू तिथून हलू नकोस. गावानं तुला काय म्हणायचं ते म्हणू दे. मी फादरकडे जायचं की नाही, ते लिडिया परत आल्यावर तिलाच विचारीन. बाहेर ती पदर खोचून उभी आहे, उजाडलं म्हणते, आणि मला आटप म्हणते.

तुझ्या बायकोचा भाऊ, आणि इच्छा नसताना अजून तुझाच,
कृपादान